प्रकल्प नोंदी: फिरलेली टाइल

१४ एप्रिल २०२४

निघण्याआधी प्रकल्प कुठे उभा आहे ते लिहून ठेवते. पडदे आणि चादरींच्या कापडासाठी सहा नक्षींची मालिका करायची आहे. विषय माझा मीच ठरवायचा. जानेवारीपासून चार आराखडे झाले आणि चारही मीच बाजूला ठेवले. तसं त्यांच्यात वावगं काही नाही. रिपीट, म्हणजे कापडावर पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, बिनचूक बसतं, रंग जुळतात, छपाईला अडचण नाही. पण चारही नक्षी स्क्रीनवर पाहिलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नक्षींमधून आल्या आहेत. कुठून काय उचललं ते मी बोट ठेवून सांगू शकते, आणि हेच मला सहन होत नाही.

उद्या रात्री आम्ही निघतोय. लग्नानंतरचा पहिला मोठा प्रवास, बारा दिवस, पोर्तुगाल. मला तिथल्या टाइल्स बघायच्या आहेत आणि नवऱ्याला समुद्राकाठची शहरं पायी फिरायची आहेत, म्हणून हा देश. काम सोबत न्यावं की नाही यावर दोन संध्याकाळी बोलणं झालं. तो म्हणाला, "ने की. पण ते रोज कुठे थांबणार, ते आधी ठरव." मग असं ठरलं: दिवसाला चाळीस मिनिटं माझी. त्या वेळात मी काय करते हे त्याने विचारायचं नाही, आणि चाळीस मिनिटं झाली की मी वही मिटायची.

१६ एप्रिल, पोर्तो

आम्ही पोचलो, माझी बॅग पोचली नाही. विमान कंपनीच्या खिडकीवर फॉर्म भरून दिला, दोन-तीन दिवस लागतील म्हणाले. कपड्यांचं काहीतरी करता येईल. पण रंगांची पेटी, तिन्ही ब्रश, ट्रेसिंग पेपर, शेडकार्ड, सगळं त्याच बॅगेत आहे. पर्समध्ये निघालं ते एक काळं बॉलपेन आणि खर्च लिहायला घेतलेली चौकड्यांची छोटी वही. खोलीवर आल्यावर मला रडू आलं. इतकी वाट बघितलेल्या पहिल्या दिवशी असं व्हावं, याचं ते रडू होतं.

संध्याकाळी साओ बेंतो रेल्वे स्थानकात गेलो. आतल्या भिंती जोर्जे कोलासो या चित्रकाराच्या सुमारे २०,००० टाइल्सनी भरल्या आहेत. १९०५ ते १९१६ या काळातलं हे काम. लढाया, राजे, मिरवणुका, सगळं निळ्या-पांढऱ्यात, आणि अगदी वर वाहतुकीच्या इतिहासाची एक रंगीत पट्टी. लोक गाडी पकडायला खालून धावत होते आणि आम्ही माना वर करून उभे होतो. डोळे दिपतात, यात शंका नाही. पण दहा मिनिटांत कळलं की माझ्या कामाचं हे नाही. हे चित्र आहे. टाइलचा इथे कागद केलाय. मला ती टाइल हवी जी एकटी असली की अपुरी दिसते आणि शेजारीण मिळाली की पुरी होते.

वीस मिनिटांतच वही मिटली.

१७ एप्रिल, पोर्तो

आज घरांच्या दर्शनी भिंती. बाहेरून टाइल्सनी मढवलेली घरं इथे गल्लोगल्ली आहेत. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत पसरली आणि ब्राझीलमध्ये पैसा कमावून परतलेल्या लोकांचा त्यात मोठा हात होता. टाइल साधारण १४ सेंटीमीटरची, चौकोनी. बहुतेक ठिकाणी एकाच टाइलवर सगळा खेळ उभा असतो: एका कोपऱ्यात पाव फूल, समोरच्या कोपऱ्यात पाव वर्तुळ. चार टाइल्स एकेक वळण देऊन जोडल्या की मधोमध अख्खं फूल तयार होतं.

खर्चाची वही इथे कामाला आली. एक चौकडी म्हणजे एक टाइल. रंग नसल्यामुळे मला फक्त वळणंच काढता येत होती, आणि वळणांकडे मी इतकं नीट याआधी कधी बघितलंच नव्हतं. एक टाइल चार प्रकारे बसू शकते. म्हणजे चार टाइल्सच्या चौकोनाचे २५६ प्रकार झाले, आणि भिंत बांधणाऱ्याने त्यातला एकच निवडलेला असतो. उरलेले २५५ त्याच चार टाइल्समध्ये दडून राहतात.

मोबाइलवर १४० फोटो काढले. रात्री चाळले तेव्हा एकही भिंत आठवेना. वहीतल्या तीन भिंती मात्र कडेच्या पन्हळीसकट आठवतात. उद्यापासून आधी रेखाटन, फोटो नंतर.

१८ एप्रिल, पोर्तो

आजची नोंद मोठी होणार.

नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत काल मी एका घराची भिंत काढली होती. निळी पाव वर्तुळं, सांध्यावर एक पिवळा ठिपका. पूर्ण वीस मिनिटं समोर बसून काढली होती. आज त्याच गल्लीतून परतताना तो दाराजवळ थांबला आणि म्हणाला, "ही फिरलीय."

दाराच्या डावीकडे, खालून सहाव्या ओळीतली एक टाइल पाव वळण चुकून बसली होती. त्यामुळे एक वर्तुळ पुरं झालं नव्हतं. त्याची कमान आपलं घर सोडून शेजारच्या वर्तुळात शिरली होती आणि दोघांचं मिळून आकड्यासारखं काहीतरी झालं होतं. पिवळा ठिपका एकटाच, कोपऱ्यात. जवळ गेल्यावर दिसलं की त्या टाइलभोवतीचं सिमेंट जरा जास्त करडं आहे आणि कडेला बोटाने पुसल्याची खूण तशीच वाळली आहे. कधीतरी ती निखळून पडली असणार, आणि कुणीतरी परत बसवली.

मी वही काढून कालचं पान उघडलं. माझ्या वहीत ती टाइल बरोबर बसलेली आहे.

वीस मिनिटं बघूनही मी भिंत काढलीच नव्हती. पहिल्या चार टाइल्स बघून नियम ओळखला आणि पुढे नियम काढत सुटले. स्क्रीनवर महिनोन् महिने मी हेच करत आलेय: एक घटक बनवायचा, कॉपी, पेस्ट, झालं. चारही आराखडे मेलेले का वाटत होते, ते मला त्या दारासमोर उभं राहून समजलं.

त्याला विचारलं, तुला कसं दिसलं? तो पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून असतो. तो म्हणाला, "स्लाइडवर शेकडो पेशी सारख्या असतात. मी सारख्या पेशी बघतच नाही. नजर सैल सोडायची आणि हलवत राहायचं. वेगळी असेल ती आपली आपण थांबवते." आठ वर्षं तो हे काम करतोय, चार वर्षं मी त्याला ओळखते, आणि त्याच्या बघण्याबद्दल मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

मग दोघं मिळून शोधत निघालो. तासाभरात अकरा सापडल्या. काही नुसत्या फिरलेल्या. काही दुसऱ्याच नक्षीच्या, जी मिळाली ती लावलेली. दोन ठिकाणी नक्षी तीच, पण निळा नवा आणि चरचरीत. एके ठिकाणी टाइल नव्हतीच, सिमेंटच्या चौकोनावर कुणीतरी ब्रशने निळ्या रेघा ओढून जागा भरली होती, आणि ती मला सगळ्यांत जास्त आवडली.

कारागीर मुद्दाम एक चूक ठेवतो, नम्रता म्हणून, अशी गोष्ट बऱ्याच हस्तकलांबद्दल सांगतात. माझा तिच्यावर कधी विश्वास बसला नाही. इथे तर कारणं डोळ्यांसमोर आहेत. अकरापैकी नऊ टाइल्स दाराच्या चौकटीशी, पावसाच्या पाइपाखाली किंवा जमिनीलगतच्या ओळींत होत्या. हात लागतो, पाणी मुरतं, सामान घासतं, तिथेच टाइल निखळते आणि तिथेच डागडुजी होते. वरच्या मजल्यावर, जिथे कुणाचा हात पोचत नाही, नियम शाबूत आहे.

प्रकल्पाचा विषय मिळाला: डागडुजी. सहाही नक्षी याच्यावर.

१९ एप्रिल, पोर्तो

इथल्या नगरपालिकेची 'बांको दे मातेरियाइश' नावाची एक जागा आहे, म्हणजे साहित्याची पेढी. पाडलेल्या, मोडकळीला आलेल्या घरांवरच्या टाइल्स, लोखंडी नक्षीकाम, छताचे प्लास्टरचे तुकडे इथे आणून, निवडून, नोंद करून ठेवतात. तुमच्या घराच्या दर्शनी भिंतीवरच्या टाइल्स गेल्या असतील तर तुम्ही नमुना घेऊन जायचं. तीच नक्षी पेढीत असली तर मोफत मिळते.

मांडणीवर टाइल्स वह्यांसारख्या उभ्या लावल्या आहेत. प्रत्येक नक्षीची एक दर्शनी, बाकीच्या तिच्यामागे. काही गठ्ठे जाड, काही अगदी दोन-तीन टाइल्सचे. एका शहराने आपल्या भिंतींच्या सुट्या भागांचा असा साठा जपावा, हे बघून मला भरून आलं. काल जी भिंत बघितली तिच्यावरची परकी टाइल कुठून आली असेल, त्याचं एक संभाव्य उत्तर समोर होतं.

काम: दोन-तीनच उरलेल्या नक्षी वहीत उतरवल्या. सात पानं. एकोणचाळीस मिनिटं.

संध्याकाळी बॅग आली. रंगांची पेटी सुखरूप आहे. उघडली नाही. अजून नको.

२० एप्रिल

आज काम नाही. दौरू नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत नदीच्या काठाकाठाने चालत गेलो. वही खोलीवर.

२१ एप्रिल, लिस्बनच्या गाडीत

तीन तासांचा प्रवास. अकरा टाइल्सची यादी आकृतींसह नीट करून घेतली. तो खिडकीशी झोपला होता, म्हणून ठरल्यापेक्षा दहा मिनिटं जास्त घेतली. लिहून ठेवते, कारण नियम दोघांचा आहे.

२२ एप्रिल, लिस्बन

टाइल संग्रहालय सोमवारी बंद, म्हणून बायशा भाग. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटांत आणि आगीत हे शहर उद्ध्वस्त झालं. त्यानंतर हा भाग सरळ रेषांत, एकसारख्या घरांचा असा नव्याने बांधला. इथे नियमाची गरज होती: हजारो लोकांना छप्पर हवं होतं. नियमाकडे मी गेले चार दिवस जरा रागाने बघत होते. आज तो राग निवळला.

रोसियू चौकातल्या काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा बघितल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली फरसबंदी, जमीन सपाट असून पाय अडखळतो असं वाटतं. त्यावर पुष्कळांनी काम केलंय. मी सोडून देते.

२३ एप्रिल, लिस्बन

टाइल संग्रहालय माद्रे दे देउश या जुन्या मठात आहे, राणी लिओनोरने १५०९ मध्ये स्थापलेल्या. टाइलला पोर्तुगीजमध्ये अझुलेझु म्हणतात आणि 'अझुल' म्हणजे निळा, त्यामुळे शब्द तिथूनच आला असणार असं मी धरून चालले होते. तो अरबीतून आला आहे, घासून गुळगुळीत केलेला दगड या अर्थाने. आणि सुरुवातीच्या टाइल्स निळ्या-पांढऱ्या नाहीतच. सेव्हिलहून आलेल्या त्या हिरव्या, मधाच्या रंगाच्या, तपकिरी. रंग एकमेकांत ओघळू नयेत म्हणून मातीच्या उंच कडा ठेवलेल्या, की आंधळ्यालाही बोटांनी नक्षी वाचता यावी.

वरच्या मजल्यावर भूकंपाआधीच्या लिस्बनचं मोठं चित्र आहे, सुमारे २३ मीटर लांब, १७०० च्या आसपासचं. नदीकाठचं अख्खं शहर: राजवाडा, चर्च, होड्या, गच्चीवर वाळत घातलेले कपडे वाटावेत असे ठिपके. यातलं पुष्कळसं पुढे पन्नास-साठ वर्षांत नाहीसं झालं. आम्ही दोघं चित्राच्या दोन टोकांकडून निघालो आणि मधे भेटलो. बोलावंसं वाटलं नाही. तो माझा हात धरून उभा राहिला. त्या वेळेला वही काढली नाही, आणि काढायला हवी होती असंही वाटत नाही.

वेगळ्या दालनात भूकंपानंतरच्या टाइल्स. शहर भराभर उभं करायचं म्हणून नक्षी सोपी झाली: तिरपी जाळी, मधे छोटं फूल, मोजके रंग. ब्रश जलद चालवल्याचं दिसतं. प्रत्येक फुलाची पाचवी पाकळी थोडी घाईत निघालेली आहे. इथे माझी चाळीस मिनिटं गेली, सगळी पाकळ्यांवर.

एक तांत्रिक नोंद: या जुन्या कामात निळा, पिवळा, हिरवा, जांभळट तपकिरी हे रंग भरपूर आहेत, खरा लाल जवळजवळ नाही. टाइलवरच्या पांढऱ्या, कथिल मिसळलेल्या झिलईवर लाल रंग भट्टीच्या आचेत टिकवणं अवघड.

२४ एप्रिल, लिस्बन

मेट्रो. १९५९ मध्ये ती सुरू झाली. सुरुवातीच्या बहुतेक स्थानकांसाठी मारिया कैल या चित्रकर्तीने टाइल्स रचल्या. त्या काळी टाइल जुनाट, घरगुती समजली जायची, आणि तिने ती जमिनीखाली भौमितिक रूपात नव्याने उभी केली. इंतेंदेंते स्थानकाची भिंत १९६६ ची. मोजके घटक आणि तरी डोळ्याला पुढची टाइल कशी असेल याचा अंदाज लागत नाही. एक तंत्र मला कळल्यासारखं वाटलं: ती रिपीट मोडत नाही, ती ते उशिरा पुरं करते.

मी फलाटावर बसले आणि वेळेचं भान सुटलं. चाळीसची एकशे दहा मिनिटं झाली. तो एकदा वर जाऊन आला, एकदा पाणी घेऊन आला, मग शेजारी गप्प बसला. बाहेर पडल्यावर म्हणाला, "तू सांगितलं असतंस तर मी नदीवर गेलो असतो. मी वाट बघत बसलो, कारण तू चाळीस म्हणाली होतीस." चूक माझी होती. मी आधी उत्तर दिलं, मग माफी मागितली. क्रम उलटा हवा होता.

रात्री वही उलटून बघितली. पहिल्या चाळीस मिनिटांत सात पानं. पुढच्या सत्तर मिनिटांत दोन, आणि ती दोन्ही पहिल्या सातांतलीच, जरा नीटनेटकी करून काढलेली. म्हणजे त्या सत्तर मिनिटांत मी बघत नव्हते. पुन्हा नियम काढत होते. चाळीसची मर्यादा मी त्याच्यासाठी मान्य केली होती. आता ती कामासाठीही ठेवणार आहे.

२५ एप्रिल, लिस्बन

आज इथे सुट्टी, आणि साधीसुधी नाही. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही उलथवली. लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली होती. त्याला आज बरोबर पन्नास वर्षं झाली. अव्हेनिदा दा लिबेर्दादे हा रुंद रस्ता माणसांनी भरून गेला होता. आजीच्या हातात फूल, बाळाच्या टोपीत फूल, कुत्र्याच्या पट्ट्यात फूल. एका बाईंनी त्याच्या शर्टाच्या खिशात एक खोचलं, काहीतरी म्हणाल्या, आम्हाला शब्द कळले नाहीत.

परतताना एका निळ्या-पांढऱ्या भिंतीशी टेकून तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि खिशातलं फूल नेमकं एका टाइलच्या मधोमध आलं. भट्टीला जो रंग जमत नव्हता तो त्या भिंतीवर, पाच-सहा सेकंद. फोटो काढला नाही. वेळच नव्हता.

खोलीवर येऊन रंगांची पेटी पहिल्यांदा उघडली. फूल पाण्याच्या ग्लासात ठेवलं आणि त्याचा लाल जुळवत बसले. अकराव्या मिश्रणाला जमला: थंड लाल, कडेला किंचित जांभळ्याकडे झुकणारा, नारिंगीचा अंश नाही. कापडावर हा रंग घेता येतो. भिंतीला जे शक्य नव्हतं ते कापडाला शक्य आहे, तर डागडुजीची टाइल लाल. सहापैकी एका नक्षीत. सगळ्यांत नको.

२६ एप्रिल, लिस्बन

टाइल रंगवायला शिकवणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत सकाळ. दोघंही बसलो.

भाजलेल्या मातीच्या टाइलवर झिलईचा थर असतो, वाळून खडूसारखा भुसभुशीत झालेला. बोट लागलं तरी उडतो. नक्षी कागदावर काढून तिच्या रेघांवर सुईने भोकं पाडतात, कागद टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून टिपतात. कागद उचलला की काळ्या ठिपक्यांची नक्षी उमटलेली असते. मग ब्रश. कोबाल्टचा रंग ब्रशवर मळकट करडा दिसतो, निळा तो भट्टीत होतो, सुमारे १,००० अंशांना. आणि झिलई पाणी इतकं झपकन पिते की ब्रश टेकला तिथे टेकला. खोडता येत नाही, ओढून सारखं करता येत नाही. हात थांबला की तिथे रंगाचा टपोरा ठिपका होतो आणि भट्टीतून तो गडद होऊन निघतो.

म्हणजे संग्रहालयातली ती घाईची पाचवी पाकळी घाईची नव्हतीच. तिथे ब्रशमधला रंग संपत आलेला असायचा. एका भरलेल्या ब्रशात साडेचार पाकळ्या बसतात. मी स्वतः भरून मोजलं.

माझी टाइल स्वच्छ आली. त्याने पाव वर्तुळ काढायला घेतलं आणि मधेच शिकवणाऱ्या बाईंकडे बघितलं, तेवढ्यात कमानीवर एक गाठ आली. "बिघडली," म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, तशीच भाजू दे. टाइल्स भाजून कुरियरने पाठवणार आहेत.

२७ एप्रिल, लिस्बन

मंगळवारी आणि शनिवारी भरणारा फेइरा दा लाद्रा हा जुन्या वस्तूंचा बाजार. चादरींवर मांडलेल्या सुट्या जुन्या टाइल्स होत्या, मागच्या बाजूला भिंतीचा चुना तसाच चिकटलेला. एक हातात घेतली. अठराव्या शतकातली वाटावी अशी जाळी, कोपरा उडालेला. हवीहवीशी होती. पण ही कुठल्या भिंतीवरून आली हे विकणाऱ्याला सांगता येईना. इथे भिंतींवरून टाइल्स चोरीला जातात. ते थांबवण्यासाठी 'एसओएस अझुलेझु' हा प्रकल्प २००७ पासून चालू आहे, आणि दर्शनी टाइल्स काढून टाकण्याला २०१७ च्या कायद्याने अटकाव केला आहे. पोर्तोच्या पेढीतले दोन-तीन टाइल्सचे गठ्ठे डोळ्यांसमोर आले. परत ठेवली.

उभ्या उभ्या वहीत काढून घेतली, उडालेल्या कोपऱ्यासकट. सहा मिनिटं. उद्या परतीचं विमान.

५ मे

टेबलावर. जुने चार आराखडे पुसले नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले. वहीची एकोणसाठ पानं स्कॅन केली.

लगेच मोठी अडचण समोर आली. रोटरी स्क्रीनचा, म्हणजे कापडावर फिरत नक्षी छापणाऱ्या नळकांड्याचा, घेर ६४ सेंटीमीटर, म्हणजे रिपीट ६४ ला संपलं पाहिजे. टाइल ८ सेंटीमीटरची धरली तर उंचीत बरोबर आठ बसतात. त्यातली एक फिरवली. आता अडीच मीटरच्या पडद्यावर तीच टाइल चार वेळा, नेमकी एकाखाली एक येते. चूक एकदा आली तर ती डागडुजी. दर ६४ सेंटीमीटरला आली तर ती बुटी. सगळा अर्थच उलटा होतो.

९ मे

तीन उपाय करून बघितले.

हाफ-ड्रॉप, म्हणजे शेजारचं रिपीट अर्ध्या उंचीने खाली सरकवणं: आडवी ओळ मोडली, तिरपी तयार झाली.

मग साटीनच्या विणीचा क्रम. विणीत बांधणीचे बिंदू एका रेषेत दिसू नयेत म्हणून ते ठरावीक उड्या मारत पसरवतात. आठ बाय आठच्या चौकोनात प्रत्येक आडव्या ओळीत एक, प्रत्येक उभ्या ओळीत एक, तीन-तीन घरांची उडी. कागदावर सुंदर दिसलं. त्याला दाखवलं, काहीच न सांगता. दहा सेकंदांत म्हणाला, "आठ आहेत आणि सगळ्या शिस्तीत बसल्या आहेत."

तिसरा उपाय, चौसष्टच्या चौसष्ट टाइल्स थोड्या थोड्या वेगळ्या काढणं. यात चूकच उरत नाही, कारण नियमच उरत नाही. अकरा टाइल्स मला दिसल्या त्या बाकीच्या हजारो बरोबर होत्या म्हणून.

११ मे

कुरियर आलं. माझी टाइल छान आहे, आणि तिच्याबद्दल लिहिण्यासारखं यापेक्षा जास्त काही नाही. त्याची हातातून सोडवत नाही. मधली गाठ जवळजवळ काळी झालीये, तिच्याभोवती निळा फिकट होत गेलाय आणि तिथून पुढे कमान थोडी बारीक, सावध आहे. हात पुन्हा ब्रशवर परतल्याची ती जागा स्पष्ट दिसते.

मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केली.

१३ मे

उत्तर १८ एप्रिलच्या नोंदीतच होतं, मीच लिहिलेलं. डागडुजी भिंतीवर कुठेही नसते. हात लागतो, पाणी मुरतं, सामान घासतं, तिथे असते. मी तिला रिपीटमध्ये जागा शोधत होते. तिची जागा वापरात आहे.

म्हणून ठरवलं: चार नक्षी रोटरीवर, पूर्ण नियमाच्या, भूकंपानंतरच्या टाइल्ससारख्या सोप्या, साडेचार पाकळ्यांच्या. उरलेल्या दोन डिजिटल छपाईवर. तिथे घेराचं बंधन नाही, अडीच मीटरचा अख्खा पडदा एकच चित्र म्हणून छापता येतो. त्यावर एकच फिरलेली टाइल, आणि ती पडदा ओढताना हात जिथे पडतो तिथे. चादरीवर ती पायाकडच्या कोपऱ्यात, गादीखाली खोचताना मुठीत येते तिथे.

पडद्यावरची टाइल लाल. आकार त्याच्या टाइलचा, गाठीसकट.

हाताची उंची मोजायला त्याला, त्याच्या आईंना आणि शेजारच्या दोघांना खिडकीचा पडदा ओढायला सांगितला आणि कडेला खडूने खुणा केल्या. चारही खुणा वीतभर पट्ट्यात आल्या. मधली उंची घेतली.

२ जून

डिजिटल पडद्याचा पहिला नमुना आला. इस्त्री करून खिडकीला लावला, बाजूला सारून ठेवला, त्याला काही सांगितलं नाही. संध्याकाळी तो आला, दिवा लावला, नेहमीसारखा पडदा ओढला आणि हात तसाच कापडावर ठेवून थांबला. मग मूठ उघडून बघितली. "माझी आहे ना ही?"

निळा बरोबर आहे. फिरलेल्या कमानीचा शेजारच्या वर्तुळाशी सांधा एक मिलिमीटरने सुटतोय, तो फाइलमध्ये दुरुस्त करायचा. लाल मात्र नारिंगीकडे गेलाय. २५ एप्रिलच्या मिश्रणाचा रंगवलेला कागद छपाईवाल्यांकडे सोबत पाठवते आणि दुसरा नमुना मागवते.